सांवेरच्या शेतातली हिरवी झाडं: सोयाबीनचा पिवळा मोझॅक आणि जनुकीय चिन्हकाची परीक्षा

हे प्रकरण एका मराठी कुटुंबाच्या शेताचं आहे. घर इंदुरात लोकमान्यनगरात, शेती सांवेर तालुक्यात, उज्जैन रस्त्याच्या आत. जमीन काळी, भारी. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, असं या घरात तीन पिढ्या चाललेलं. शेत काका बघतात, बियाणं, खत, मंडी यांचा हिशेब त्यांचा पुतण्या ठेवतो. मी पीक पैदाशीच्या कामात आहे आणि पुतण्याची ओळख असल्यामुळे मला बोलावणं आलं.

शेताचे दोन तुकडे. विहिरीकडच्या तुकड्यात घरचं बी पेरलं होतं. आदल्या वर्षी निळ्या टॅगचं प्रमाणित बियाणं आणलं होतं, पिवळा मोझॅक या विषाणूजन्य रोगाला प्रतिकारक म्हणून, आणि त्याचंच बी राखून ठेवलं होतं. रस्त्याकडच्या तुकड्यासाठी ते कमी पडलं, म्हणून एका व्यापाऱ्याकडून ‘तेच वाण’ म्हणून उघड्या पोत्यातलं बी घेतलं. ना टॅग, ना बिल. वाणाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे दिसेल की दोष त्या वाणाचा नव्हता आणि अशा गोष्टीत नाव एकदा बदनाम झालं की परत साफ होत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रस्त्याकडचा तुकडा पिवळा पडू लागला. विहिरीकडेही अधूनमधून झाडं पिवळी दिसत होती. काकांची एक फवारणी करून झाली होती. आता त्यांचा विचार पक्का होत आला होता: “ताई, जी झाडं हिरवी राहिली आहेत ती रोग पचवून राहिली आहेत. तेवढीच वेगळी कापतो, पुढच्या वर्षी त्यांचंच बी पेरतो. यात चूक काय?”

या प्रश्नासाठी मी हे प्रकरण लिहिते आहे. शेतकऱ्यानं शेतातलं उत्तम झाड निवडून बियाला ठेवणं ही शेतीतली सगळ्यात जुनी विद्या आहे, आणि काकांचं म्हणणं तर्काला धरून होतं. तरीही या रोगाच्या बाबतीत ते घातक ठरलं असतं.

आधी रोगाची खात्री

सोयाबीन पिवळं पडायला कारणं पुष्कळ. पाणी साचलं की पडतं. लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. खोडमाशी आणि चक्रभुंगा यांनी झाड मलूल होतं. मोझॅकचं तसं नसतं. पानावर हळदीसारखे पिवळेधमक ठिपके पडतात, हिरव्यात मिसळलेले, कडा ठरलेली नाही, पुढे त्यात गंजासारखे डाग येतात. शेंगा कमी धरतात, दाणा बारीक राहतो. इथे चित्र स्पष्ट होतं, आणि पानं उलटली की पांढरी माशी उडत होती.

हा विषाणू पांढऱ्या माशीतून पसरतो. माशीनं रोगट झाडाचा रस शोषला की विषाणू तिच्या शरीरात फिरून लाळेत येतो आणि मग ती बराच काळ तो वाटत राहते. म्हणून थोड्या माश्याही पुरतात. मूग, उडीद हीसुद्धा त्याची घरं आहेत. रस्त्यापलीकडे शेजाऱ्याचा उन्हाळी मूग होता, तो निघाला आणि सोयाबीन उगवलं, म्हणजे माशीला आणि विषाणूला मधे उपास घडलाच नाही. रस्त्याकडचा तुकडा आधी पिवळा का पडला याचं एक उत्तर इथेच होतं. पण एकच. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. फवारणी फक्त माशी कमी करते.

तीन शक्यता

प्रतिकारक म्हणून पेरलेलं बी पिवळं पडलं, तर तीनच गोष्टी असू शकतात. एक, बियात भेसळ आहे. दोन, बी खरं आहे पण विषाणू वेगळा आहे, ज्याच्यापुढे या वाणाचा प्रतिकार चालत नाही. तीन, हे पिवळेपण मोझॅकचं नाहीच. तिसरी शक्यता बहुतेक झाडांपुरती निकालात निघाली होती. पहिल्या दोन्हींत शेतकऱ्यानं करायची गोष्ट अगदी उलटी आहे: भेसळ असेल तर वाण तेच ठेवून बी बदलायचं, विषाणू वेगळा असेल तर वाणच बदलायचं. शेतात उभं राहून डोळ्यानं हे ठरत नाही.

थोडं ठरतं मात्र. मूळ वाण पांढऱ्या फुलांचं. शेतात जांभळ्या फुलांची झाडं दिसत होती, रस्त्याकडे सर्रास, विहिरीकडे तुरळक. सोयाबीनमध्ये जांभळा रंग प्रभावी आणि पांढरा अप्रभावी, म्हणजे जांभळा एका पालकाकडून आला तरी फूल जांभळंच दिसतं. शिवाय ज्याचं फूल जांभळं त्याच्या अंकुराचं देठही जांभळट असतं. म्हणजे पेरणीनंतर आठवड्याभरात, फुलाची वाट न पाहता, वाकून बघितलं तरी परकी रोपं ओळखू येतात आणि उपटता येतात. हे डोळ्याला दिसणारं जनुकीय चिन्हकच, म्हणजे आनुवंशिक खूणच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. बीजोत्पादन करणाऱ्या प्रत्येकानं ते वापरावं असं मला कळकळीनं वाटतं. पण त्याची मर्यादा आहे. भेसळीतलं दुसरं वाणही पांढऱ्या फुलांचं असेल तर ते लपून राहतं. आणि फुलाच्या रंगाचं जनुक वेगळ्याच गुणसूत्रावर असतं, रोगाच्या प्रतिकाराशी त्याचा संबंध नाही. जांभळं फूल एवढंच सांगतं की हे झाड आपलं नाही.

पानातली खूण

प्रतिकाराचं जनुक कुठे बसलं आहे, हे काम सोयाबीनवर झालेलं आहे. भारतात प्रसारित झालेल्या बहुतेक प्रतिकारक वाणांत हा प्रतिकार पीआय १७१४४३ या मूळ वाणातून आला आहे. जेएस ३३५ हे या रोगाला बळी पडणारं लोकप्रिय वाण आणि पीआय १७१४४३ यांच्या संकरातली संतती, तसंच एसएल ५२५ हे उत्तर भारतासाठीचं प्रतिकारक वाण आणि एनआरसी १०१ हे रोगाला बळी पडणारं वाण यांच्या संकरातली संतती तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते जनुक सहाव्या गुणसूत्रावर सापडलं. सॅट ३२२ आणि जीएमएसी ७एल या दोन चिन्हकांच्या मधोमध, ३.५ सेंटिमॉर्गनच्या (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक) टप्प्यात. हा प्रतिकार एकाच अप्रभावी जनुकाचा आहे, म्हणजे झाडाला तो दोन्ही पालकांकडून मिळाला तरच झाड टिकतं.

चिन्हक म्हणजे ते जनुक नव्हे. गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएची दोन-तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात, कुठल्या वाणात जास्त वेळा, कुठल्यात कमी वेळा. पीसीआर करून, म्हणजे प्रयोगशाळेत तेवढ्याच तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, त्या जेलवर विजेच्या साहाय्यानं आकाराप्रमाणे वेगळ्या केल्या, की एका वाणाचा पट्टा वर दिसतो, दुसऱ्याचा खाली. रस्त्यावरचा मैलाचा दगड गाव नसतो, पण गाव किती लांब ते सांगतो, चिन्हकाचं तसंच. १ सेंटिमॉर्गन अंतर म्हणजे पुढच्या पिढीत जाताना साधारण शंभरात एकदा दगड आणि गाव यांची फारकत होण्याची शक्यता. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चिन्हक असणं मोलाचं. दोन्हीकडून एकाच वेळी फारकत होणं फारच विरळा.

आम्ही कोवळी पानं घेतली. प्रत्येक पिवळ्या झाडामागे त्याच्याच ओळीतलं, शेजारचं, तेवढ्याच वाढीचं एक हिरवं झाड. दोन्ही तुकड्यांतून, कडेनं आणि आतून. प्रत्येक झाडाला रंगीत दोरी आणि पाकिटावर तोच क्रमांक, कारण पुढे त्या झाडाचं काय होतं हे बघायचं होतं. जेलवर सोबत तीन गोष्टी ठेवल्या: त्या वाणाच्या खात्रीच्या पैदासकार बियाण्यातलं (वाण तयार करणाऱ्यांकडच्या मूळ शुद्ध बियाण्यातलं) रोप, जेएस ३३५चं रोप, आणि डीएनए नसलेली नुसती नळी. खात्रीच्या रोपाचा आणि जेएस ३३५चा पट्टा मुळात वेगळा दिसतो का, हे आधी बघावं लागतं. तो वेगळा नसेल तर त्या वाणासाठी हे चिन्हक निरुपयोगी, मग यंत्र कितीही महागाचं असो. इथे तो वेगळा होता.

काय निघालं

रस्त्याकडच्या तुकड्यातल्या पिवळ्या झाडांपैकी बहुतेकांचा पट्टा जेएस ३३५सारखा होता. म्हणजे व्यापाऱ्याच्या पोत्यात सांगितलेलं वाण थोडं आणि दुसरंच बरंच. विहिरीकडेही पिवळी झाडं बहुतांशी परकीच निघाली, पण तिथे त्यांची संख्या मुळात कमी होती. त्याचा उगम शोधताना पुतण्याच्या लक्षात आलं की आदल्या वर्षी भाड्याचं मळणीयंत्र शेजारच्या शेतातून थेट आपल्या खळ्यावर आलं होतं. सोयाबीनमध्ये परागण आपल्याच फुलात होतं, परक्या परागाचा संकर शंभरात एकही होत नाही. त्यामुळे भेसळ फुलात क्वचितच होते. ती मळणीयंत्रात, पोत्यात आणि कोठारात होते.

पण मला खरी काळजी वाटली ती हिरव्या झाडांची. रस्त्याकडच्या हिरव्या झाडांपैकी कितीतरी झाडांचा पट्टा जेएस ३३५सारखाच होता. ती निरोगी होती ती माशीनं तोवर त्यांना गाठलं नव्हतं म्हणून. दोरी बांधलेल्या त्या झाडांपैकी काही पुढच्या दोन आठवड्यांत पिवळी पडलीच. बाकीची शेवटपर्यंत हिरवी राहिली, दाण्यानं भरली, आणि कापणीच्या वेळी कुणीही हात ठेवून सांगितलं असतं की हीच बियाला ठेवा. काकांनी तसं केलं असतं, तर रोगाला बळी पडणारं बी निवडून, निगुतीनं साठवून, पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांत पेरलं गेलं असतं.

मी त्यांना जेलचं छायाचित्र दाखवलं, झाडांचे क्रमांक दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे रोग आला नाही तेवढ्यावरून झाड चांगलं म्हणायचं नाही.” एवढं नेमकं मलाही सांगता आलं नव्हतं.

हीच अडचण पैदासकाराची

काकांची अडचण आणि नवं वाण तयार करणाऱ्याची अडचण एकच आहे, म्हणून थोडं विषयांतर.

जेएस ३३५ हे सीहोरला तयार झालेलं, १९९४ मध्ये प्रसारित झालेलं वाण. माळव्यानं आणि महाराष्ट्रानंही ते वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं. त्याचं सगळं चांगलं, पण पिवळ्या मोझॅकपुढे ते टिकत नाही. मग करायचं काय? त्याचा प्रतिकारक वाणाशी संकर करायचा आणि संततीचा पुन्हापुन्हा जेएस ३३५शीच संकर करत जायचं. याला प्रतीप संकर म्हणतात. पहिल्या प्रतीप संकरानंतर सरासरी ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५ टक्के, तिसऱ्यानंतर ९३.७५ टक्के अंश जेएस ३३५चा होतो. शेवटी हवं असतं ते जेएस ३३५च, फक्त त्यात ते एक जनुक आणलेलं.

पण जनुक अप्रभावी आहे. प्रतीप संकराच्या प्रत्येक पिढीत निम्म्या रोपांत ते एकेरी, म्हणजे एकाच पालकाकडून आलेलं असतं, निम्म्यांत नसतंच, आणि रोग आला तर दोन्ही प्रकारची रोपं सारखीच पिवळी पडतात. म्हणजे पुढच्या संकरासाठी कुठलं रोप घ्यायचं हे शेत सांगूच शकत नाही. जुना मार्ग असा की प्रत्येक पिढीनंतर एक पिढी स्वपरागणानं घ्यायची, जिथे रोग हमखास येतो अशा ठिकाणी पेरायची, चारातलं एक झाड हिरवं राहतं का बघायचं, आणि मग पुढचा संकर. त्यातही एखाद्या वर्षी माशीच आली नाही की सगळीच झाडं हिरवी आणि वर्ष फुकट. माळव्यात रोगाचं असंच आहे. एका वर्षी शेतंच्या शेतं जातात, दुसऱ्या वर्षी शोधावा लागतो.

चिन्हक इथे उपयोगी पडतं. रोप दोन-तीन पानांचं असतानाच कळतं की त्यात जनुक एकेरी आलं आहे की नाही. ज्यात आलं आहे त्याचाच फुलोऱ्यात संकर करायचा, बाकीची रोपं काढून टाकायची. सोयाबीनचं फूल इतकं बारीक असतं की चिमट्यानं पुंकेसर काढून पराग टाकावा लागतो, त्यातले कितीतरी संकर गळून पडतात आणि धरलेल्या शेंगेत दोन-तीनच दाणे मिळतात. तेव्हा चुकीच्या रोपावरची मेहनत वाचणं ही मोठी गोष्ट आहे. आणि बाकीच्या गुणसूत्रांवर पसरलेली चिन्हकं तपासली, तर जेएस ३३५चा अंश ज्या रोपात सरासरीपेक्षा जास्त आला आहे तेही निवडता येतं. एखादी पिढी त्यामुळेही वाचते.

ही पद्धत इंदुरात खंडवा रस्त्यावरच्या तेव्हाच्या भारतीय, आताच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेत रोगाखेरीज दुसऱ्या गुणासाठीही फळाला आली आहे. सोयाबीनमध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचं प्रथिन असतं, ते पचनात अडथळा आणतं, म्हणून दाणे उकळावे लागतात. ते नसण्याचा गुणही अप्रभावी. जेएस ९७-५२ या वाणात तो गुण चिन्हकांच्या मदतीनं प्रतीप संकरानं आणून एनआरसी १२७ हे वाण तयार झालं आणि २०१८ मध्ये प्रसारित झालं. अप्रभावी जनुक डोळ्यानं न दिसता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून नेता येतं, याचा दाखला आपल्याच गावात आहे.

न सुटलेला भाग

सांवेरच्या शेतात थोडी झाडं अशी निघाली की सॅट ३२२चा पट्टा प्रतिकारक वाणाचा, आणि तरी झाड पिवळं. घाईत म्हणता येतं की चिन्हक चुकलं, फारकत झाली असेल. पण ते पटत नाही. स्थिर झालेल्या वाणात सगळी झाडं सारखी असतात. फारकत झालीच असती तर ती वाण तयार होताना, आणि मग सगळ्याच झाडांत. म्हणून दुसरं चिन्हक तपासलं. त्यातल्या काही झाडांचा जीएमएसी ७एलचा पट्टा वेगळा निघाला. म्हणजे तीही भेसळच, योगायोगानं एका चिन्हकाचा आकार जुळणाऱ्या तिसऱ्याच वाणाची. एकाच चिन्हकावर भरवसा ठेवला असता तर ती खरी म्हणून गणली गेली असती.

तरीही मोजकी झाडं उरली, दोन्ही पट्टे बरोबर आणि पानावर मोझॅक. इथे दुसरी शक्यता पुन्हा उभी राहते. पिवळा मोझॅक घडवणारे विषाणू एकाहून अधिक आहेत. उत्तर भारतातल्या सोयाबीनवरचा विषाणू आणि दक्षिण व पश्चिम भारतातल्या सोयाबीनवरचा विषाणू या दोन वेगळ्या जाती आहेत, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं. वर सांगितलेलं जनुक शोधलं गेलं ते उत्तरेकडच्या जातीविरुद्ध. माळवा या दोन्ही प्रदेशांच्या मधे आहे. त्या झाडांची पानं विषाणूची जात ओळखण्यासाठी दिली आहेत. दक्षिणेकडची जात निघाली, तर एका जनुकावर विसंबून चालणार नाही, दुसरं जनुक जोडीला आणावं लागेल. सोयाबीनच्या रानटी भावंडात, ग्लायसिन सोजात, प्रतिकाराचं प्रभावी जनुक सापडलेलं आहे. पण त्याचं बी काळं आणि बारीक, झाड वेलासारखं पसरणारं, शेंगा तडकणाऱ्या. ते सगळं मागे ठेवून फक्त जनुक आणायचं, तर चिन्हकांशिवाय गत्यंतर नाही.

काय ठरलं

रस्त्याकडच्या तुकड्याचा एकही दाणा बियाला ठेवायचा नाही, सगळा माल मंडीत. गाळपाच्या सोयाबीनला वाण कुणी विचारत नाही. विहिरीकडून घाऊक बी ठेवायचं नाही, पण दोन्ही चिन्हकं बरोबर निघालेली आणि निरोगी राहिलेली दोरीची झाडं हातानं कापून, काठीनं झोडपून, वेगळ्या पिशवीत. बाकी पेरणीपुरतं प्रमाणित बियाणं नवीन, बिल आणि टॅग जपून. बियाला थायामेथोक्झाम ३० एफएसची प्रक्रिया, किलोला १० मिलि, म्हणजे सुरुवातीला तरी माशी आवरेल. उगवल्यावर आठवड्याभरात जांभळ्या देठाची रोपं उपटणं पुतण्याकडे.

व्यापाऱ्याकडून भरपाईचं काय, हा प्रश्न काकूंनी विचारला. कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीकृत वाणानं सांगितल्यासारखी कामगिरी दिली नाही तर भरपाई मागता येते, आणि बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण हातात बिल नाही, टॅग नाही, पोत्यावर नाव नाही. जेलचं छायाचित्र भेसळ सिद्ध करतं, ती कुणी विकली हे सिद्ध करत नाही. काकूंना हे सांगताना वाईट वाटलं.

प्रत्येक शेतकऱ्यानं झाडन्‌झाड तपासावं असं मी म्हणणार नाही, ते परवडणारं नाही. पण पायाभूत आणि प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटमधून थोडी पानं दरवर्षी तपासली गेली तर एका तपासणीचा लाभ शेकडो बिघ्यांना होतो. बीजोत्पादक गटांनी हा आग्रह धरायला हवा.

पुढच्या खरिपात पिशवीतलं बी रस्त्याच्या कडेलाच पेरायचं आहे, माशी जिथून येते तिथेच. दर दोन ओळींनंतर एक ओळ जेएस ३३५ची, म्हणजे रोग भरपूर पसरेल आणि पिशवीतल्या झाडांपर्यंत तो पोचला की नाही याची शंका राहणार नाही.